फिगर स्केटिंगमधील दुखापत, बदली खेळाडू आणि खिलाडूवृत्ती

फिगर स्केटिंग या बर्फावरील क्रीडाप्रकारात स्पर्धा सुरू झाल्यानंतर जखमी खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू उतरवता येत नाही. बदली खेळाडूची तरतूद केवळ स्पर्धेपूर्वीच्या टप्प्यापुरती मर्यादित आहे. त्यामुळे दुखापत झालेल्या खेळाडूने माघार घ्यावी की नाही, आणि घ्यायची असल्यास ती केव्हा, या निर्णयावर दुसऱ्या एखाद्या खेळाडूची संधी अवलंबून असते. हा निर्णय काही अंशी नियमांनी, काही अंशी राष्ट्रीय महासंघाच्या निवड समितीने आणि बऱ्याच अंशी खुद्द खेळाडूने घ्यायचा असतो. म्हणून या खेळात बदली खेळाडूचा प्रश्न खिलाडूवृत्तीच्या प्रश्नाशी जोडला गेला आहे. १९९४ चे लिलेहामर, २००६ चे तोरिनो आणि २०१४ चे सोची या हिवाळी ऑलिंपिक स्पर्धांमधील प्रसंग या संदर्भात विशेष उल्लेखले जातात.

स्पर्धेची रचना

फिगर स्केटिंगचे आंतरराष्ट्रीय नियमन आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघ करतो. या संघाची स्थापना १८९२ मध्ये नेदरलँड्समधील शेव्हेनिंगेन येथे झाली. फिगर स्केटिंगचा ऑलिंपिकमध्ये समावेश प्रथम १९०८ च्या लंडन येथील उन्हाळी स्पर्धेत झाला. १९२४ पासून हा खेळ हिवाळी ऑलिंपिकचा भाग आहे.

पुरुष एकेरी, महिला एकेरी, जोडी आणि आइस डान्स हे या खेळाचे चार प्रमुख प्रकार आहेत. २०१४ पासून ऑलिंपिकमध्ये सांघिक स्पर्धाही घेतली जाते. एकेरी आणि जोडी प्रकारांत प्रत्येक स्पर्धकाला दोन कार्यक्रम सादर करावे लागतात. पहिला शॉर्ट प्रोग्राम आणि दुसरा, अधिक लांबीचा, फ्री स्केटिंग. दोन्ही कार्यक्रमांच्या गुणांची बेरीज करून अंतिम क्रमांक ठरतो. दोन कार्यक्रम बहुधा वेगवेगळ्या दिवशी होतात. त्यामुळे पहिल्या कार्यक्रमात किंवा मधल्या सरावात झालेली दुखापत घेऊनच खेळाडूला दुसऱ्या कार्यक्रमासाठी उतरावे लागते.

एकेरीच्या गटात सहापर्यंत स्केटर एकाच वेळी बर्फावर उतरून सहा मिनिटांचा वॉर्म-अप करतात. उडी घेण्यापूर्वी स्केटर बऱ्याचदा पाठमोरा आणि वेगाने येत असतो. त्यामुळे या सहा मिनिटांत टक्कर होण्याचा धोका अधिक असतो. जोडी प्रकारात पुरुष स्केटर जोडीदाराला डोक्यावर उचलून धरतो किंवा हवेत फेकतो, आणि दोघेही धारदार पाती असलेले बूट घालून परस्परांच्या अगदी जवळ फिरत असतात. गंभीर दुखापतींचे अनेक प्रसंग याच प्रकारात घडले आहेत.

बदली खेळाडूविषयक नियम

प्रवेशसंख्या आणि राष्ट्रीय निवड

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत एका देशाला प्रत्येक प्रकारात जास्तीत जास्त तीन जागा मिळतात. ही संख्या मागील वर्षाच्या स्पर्धेतील क्रमांकांवरून ठरते. देशाच्या दोन सर्वोत्तम स्पर्धकांच्या क्रमांकांची बेरीज १३ किंवा त्याहून कमी असेल तर तीन जागा, आणि १४ ते २८ च्या दरम्यान असेल तर दोन जागा मिळतात. एकच स्पर्धक उतरला असेल तर त्याला तीन जागांसाठी पहिल्या दोघांत, तर दोन जागांसाठी पहिल्या दहांत यावे लागते. म्हणजेच एका खेळाडूच्या दुखापतीचा परिणाम त्याच्या स्वतःच्या निकालापुरता मर्यादित न राहता पुढील वर्षी त्याच्या देशातून किती जण खेळतील यावरही होतो.

जागा देशाला मिळते, व्यक्तीला नाही. त्या जागेवर कोणाला पाठवायचे हे संबंधित राष्ट्रीय महासंघ ठरवतो. काही देशांत राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेचा निकाल निर्णायक मानला जातो, तर काही देशांत गेल्या एक-दोन हंगामांतील एकूण कामगिरी विचारात घेतली जाते. दुखापतीमुळे राष्ट्रीय स्पर्धेत उतरू न शकलेल्या नामवंत खेळाडूला थेट निवडण्याचा अधिकार अनेक महासंघ स्वतःकडे राखून ठेवतात. अमेरिकेत अशा खेळाडूला महासंघाकडे अर्ज करावा लागतो.

स्पर्धेपूर्वीची बदली

महासंघ मुख्य स्पर्धकांबरोबर राखीव खेळाडूंची नावेही निश्चित करतो. स्पर्धा सुरू होण्यापूर्वी, ठरलेल्या मुदतीच्या आत मुख्य खेळाडूने माघार घेतली, तर राखीव खेळाडूला त्याच्या जागी उतरवता येते. ग्रां प्री मालिकेच्या अंतिम स्पर्धेत प्रत्येक प्रकारात सहा स्पर्धक पात्र ठरतात आणि त्यांच्या मागोमाग तीन राखीव असतात. तेथे राखीव खेळाडू देशानुसार ठरत नाहीत, मालिकेतील गुणानुक्रमाने ठरतात. त्यामुळे एका देशाच्या जखमी खेळाडूची जागा दुसऱ्या देशाच्या खेळाडूला मिळू शकते.

स्पर्धा सुरू झाल्यानंतर

शॉर्ट प्रोग्राम सुरू झाल्यानंतर कोणत्याही कारणाने बदली खेळाडू घेता येत नाही. माघार घेतलेल्या खेळाडूला अंतिम क्रमवारीत स्थान मिळत नाही आणि त्याच्या देशाची ती जागा त्या स्पर्धेपुरती वाया जाते. जोडी आणि आइस डान्समध्ये दोघांना मिळून एकच स्पर्धक मानले जाते. एक जण जखमी झाल्यास दुसऱ्यालाही माघार घ्यावी लागते. स्पर्धेत जोडीदार बदलण्याची मुभा नाही.

सांघिक स्पर्धा

ऑलिंपिकमधील सांघिक स्पर्धेत दहा देश सहभागी होतात. चारही प्रकारांतील शॉर्ट प्रोग्राम, आणि आइस डान्समधील पहिली फेरी, झाल्यानंतर पहिले पाच संघ पुढील फेरीत जातात. या टप्प्यावर प्रत्येक संघाला चारपैकी जास्तीत जास्त दोन प्रकारांत आपला स्पर्धक बदलता येतो. ही तरतूद दुखापतीपुरती मर्यादित नाही. विश्रांती देण्यासाठी किंवा डावपेच म्हणूनही तिचा वापर केला जातो. सांघिक स्पर्धा वैयक्तिक स्पर्धांच्या आधी होत असल्याने तेथे झालेली दमछाक किंवा दुखापत खेळाडूला वैयक्तिक स्पर्धेत भोवू शकते.

कार्यक्रमात खंड पडल्यास

कार्यक्रम चालू असताना खेळाडू जखमी झाला किंवा त्याच्या साहित्यात बिघाड झाला, तर पंच कार्यक्रम थांबवू शकतो. गेल्या दशकभरात लागू असलेल्या नियमांनुसार अशा वेळी खेळाडूला कमाल तीन मिनिटांची मुदत मिळते आणि जेथे खंड पडला तेथून पुढे कार्यक्रम सुरू करता येतो. मात्र त्यासाठी पाच गुण वजा होतात. खेळाडू अल्पकाळ थांबून आपणहून पुन्हा सुरुवात करत असेल, तर थांबलेल्या वेळेच्या प्रमाणात दहा सेकंदांनंतर एक, वीस सेकंदांनंतर दोन आणि तीस सेकंदांनंतर तीन गुण कापले जातात. दिलेल्या मुदतीत खेळाडू परत येऊ शकला नाही, तर त्याने माघार घेतल्याचे मानले जाते.

संगीत बंद पडणे, वीज जाणे किंवा बर्फाचा पृष्ठभाग खराब होणे अशा, खेळाडूच्या हाती नसलेल्या कारणांमुळे खंड पडल्यास गुण कापले जात नाहीत. बुटाची नाडी तुटणे मात्र खेळाडूच्याच जबाबदारीत येते. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये जपानच्या नोबुनारी ओदाची नाडी फ्री स्केटिंगच्या मध्यावर तुटली. त्याने ती बांधून कार्यक्रम पूर्ण केला, पण गुण गमावले आणि त्याला सातव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले.

उल्लेखनीय प्रसंग

लेक प्लॅसिड, १९८०

अमेरिकेची ताय बॅबिलोनिया आणि रँडी गार्डनर ही जोडी १९७९ ची जगज्जेती होती. मायदेशात होणाऱ्या ऑलिंपिकमध्ये ती सोव्हिएत संघाच्या इरिना रोदनिना आणि अलेक्सांद्र झाइत्सेव्ह या जोडीला आव्हान देईल अशी अपेक्षा होती. गार्डनरच्या जांघेचा स्नायू स्पर्धेपूर्वीच दुखावला होता. वेदनाशामक इंजेक्शन घेऊन तो शॉर्ट प्रोग्रामच्या वॉर्म-अपसाठी उतरला, पण उड्या मारताना वारंवार पडला. अखेर या जोडीने माघार घेतली. बॅबिलोनियाला कोणतीही दुखापत नव्हती. तरीही नियमाप्रमाणे तिची स्पर्धाही तेथेच संपली.

आल्बेरव्हिल, १९९२

टॉड एल्ड्रेज हा १९९० आणि १९९१ चा अमेरिकेचा विजेता आणि १९९१ च्या जागतिक स्पर्धेतील कांस्यपदक विजेता होता. पाठीच्या दुखापतीमुळे तो १९९२ च्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळू शकला नाही. तरीही महासंघाने त्याची थेट ऑलिंपिकसाठी निवड केली. परिणामी राष्ट्रीय स्पर्धेत तिसरा आलेला मार्क मिचेल संघाबाहेर राहिला. ऑलिंपिकमध्ये एल्ड्रेज दहावा आला. त्याच स्पर्धेत राष्ट्रीय उपविजेता पॉल वायली याने रौप्यपदक मिळवले.

डेट्रॉइट आणि लिलेहामर, १९९४

६ जानेवारी १९९४ रोजी डेट्रॉइट येथे राष्ट्रीय स्पर्धेच्या सरावानंतर नॅन्सी केरिगन हिच्या उजव्या पायावर एका हल्लेखोराने दंडुक्याने प्रहार केला. केरिगन ही १९९२ ची ऑलिंपिक कांस्यपदक विजेती आणि १९९३ ची राष्ट्रीय विजेती होती. तिला स्पर्धेतून माघार घ्यावी लागली. टोन्या हार्डिंग विजेती ठरली आणि १३ वर्षांची मिशेल क्वान दुसरी आली.

अमेरिकेला ऑलिंपिकसाठी दोनच जागा होत्या. महासंघाने हार्डिंगबरोबर केरिगनची निवड केली आणि क्वानला राखीव ठेवले. लवकरच या हल्ल्यामागे हार्डिंगचा पूर्वीचा पती आणि त्याचे साथीदार असल्याचे उघड झाले. हल्ल्यानंतर मिळालेली माहिती आपण दडवून ठेवल्याचे हार्डिंगने जानेवारीच्या अखेरीस मान्य केले. अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीने शिस्तभंगाची कारवाई सुरू करण्याची तयारी केली, तेव्हा हार्डिंगने न्यायालयात धाव घेतली. शेवटी तिला खेळू देण्यात आले. क्वानला ऑलिंपिकमध्ये उतरण्याची संधी मिळाली नाही. त्याच वर्षी जपानमध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेत ती आठवी आली.

लिलेहामर ऑलिंपिकमधील फिगर स्केटिंग हामार येथे झाले. फ्री स्केटिंगच्या आदल्या दिवशी सरावात युक्रेनची ओक्साना बायुल आणि जर्मनीची तान्या शेवचेंको यांची टक्कर झाली. बायुलच्या उजव्या पायाच्या नडगीला टाके घालावे लागले आणि पाठही दुखावली. परवानगी असलेली वेदनाशामक इंजेक्शने घेऊन ती दुसऱ्या दिवशी उतरली. परीक्षकांच्या पाच विरुद्ध चार अशा निर्णयाने तिने केरिगनला मागे टाकून सुवर्णपदक जिंकले. त्याच फ्री स्केटिंगमध्ये हार्डिंगने पहिल्या उडीनंतर थांबून आपल्या बुटाची नाडी पंचांना दाखवली. तिला गटात नंतर पुन्हा खेळण्याची मुभा देण्यात आली. ती आठवी आली.

१६ मार्च १९९४ रोजी हार्डिंगने तपासात अडथळा आणल्याचा गुन्हा कबूल केला. जूनमध्ये महासंघाने तिचे १९९४ चे राष्ट्रीय विजेतेपद काढून घेतले आणि तिच्यावर आजीव बंदी घातली. रिक्त झालेले विजेतेपद दुसऱ्या कोणालाही देण्यात आले नाही.

तोरिनो, २००६

बारा वर्षांनंतर मिशेल क्वान याच प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. तोवर ती नऊ वेळा राष्ट्रीय आणि पाच वेळा जागतिक विजेती झाली होती. १९९८ मध्ये रौप्य आणि २००२ मध्ये कांस्य अशी दोन ऑलिंपिक पदकेही तिच्या नावावर होती. सुवर्णपदक मात्र मिळालेले नव्हते. जांघेच्या दुखापतीमुळे तिने जानेवारी २००६ च्या राष्ट्रीय स्पर्धेतून माघार घेतली आणि ऑलिंपिकसाठी थेट निवड व्हावी असा अर्ज केला. राष्ट्रीय स्पर्धेत साशा कोहेन पहिली, किमी माइस्नर दुसरी आणि एमिली ह्यूज तिसरी आली होती. एमिली ही २००२ ची ऑलिंपिक विजेती सारा ह्यूज हिची धाकटी बहीण होय.

महासंघाने क्वानचा अर्ज सशर्त मंजूर केला. जानेवारीच्या अखेरीस पाच सदस्यांच्या समितीने तिच्या सरावाच्या ठिकाणी जाऊन तिची तयारी पाहिली आणि ती पूर्ण कार्यक्रम करू शकते असा निर्वाळा दिला. ह्यूज राखीव राहिली. तोरिनोला पोहोचल्यावर पहिल्याच सरावात क्वानची दुखापत बळावली. १२ फेब्रुवारी रोजी तिने माघार जाहीर केली. महिलांचा शॉर्ट प्रोग्राम २१ फेब्रुवारीला होता. मधल्या नऊ दिवसांत ह्यूज अमेरिकेहून इटलीला पोहोचली आणि स्पर्धेत सातवी आली. माघार जाहीर करताना क्वानने ऑलिंपिकविषयीचा आदर हे आपल्या निर्णयाचे कारण म्हणून सांगितले.

क्वानची थेट निवड न्याय्य होती का, यावर त्या वेळी दोन मते होती. परंतु तिने वेळेत माघार घेतल्यामुळे राखीव खेळाडूला खरोखर संधी मिळाली, यावर दुमत नव्हते. तोरिनो ऑलिंपिकनंतर क्वान पुन्हा कोणत्याही पात्रता स्पर्धेत उतरली नाही.

याच ऑलिंपिकमधील जोडी प्रकारात पदक मिळवणाऱ्या तिन्ही जोड्यांना दुखापतींना तोंड द्यावे लागले होते. सुवर्णपदक विजेती रशियाची तत्याना तोत्म्यानिना ही ऑक्टोबर २००४ मध्ये पिट्सबर्ग येथील स्पर्धेत जोडीदार माक्सिम मारिनिन याच्या हातून उंचावरून डोक्यावर पडली होती. कांस्यपदक विजेता चीनचा झाओ होंगबो याच्या टाचेचा स्नायुबंध ऑगस्ट २००५ मध्ये तुटला होता. रौप्यपदक विजेत्या चीनच्या झांग दान आणि झांग हाओ या जोडीचा अपघात तर स्पर्धेतच झाला. फ्री स्केटिंगच्या सुरुवातीला चार फेऱ्यांच्या फेकउडीचा प्रयत्न करताना झांग दान गुडघ्यावर आदळली. काही मिनिटांनी परत येऊन या जोडीने उरलेला कार्यक्रम पूर्ण केला. प्रेक्षकांनी तिच्या धैर्याचे कौतुक केले. मात्र तिने घेतलेला वेळ नियमांत बसतो का, आणि मिळालेल्या विश्रांतीचा लाभ झाला का, असे प्रश्नही विचारले गेले.

सोची, २०१४

२०१३ च्या जागतिक स्पर्धेत रशियाचा माक्सिम कोव्हतुन सतरावा आल्यामुळे यजमान रशियाला पुरुष एकेरीत एकच ऑलिंपिक जागा मिळाली होती. हंगामाच्या राष्ट्रीय स्पर्धेत कोव्हतुन पहिला आणि २००६ चा ऑलिंपिक विजेता येवगेनी प्लुशेंको दुसरा आला. ३१ वर्षांच्या प्लुशेंकोच्या पाठीवर वर्षभरापूर्वीच शस्त्रक्रिया झाली होती. जानेवारी २०१४ मध्ये महासंघाच्या अधिकाऱ्यांसमोर बंद दाराआड त्याची चाचणी घेण्यात आली आणि ती एकमेव जागा त्याला देण्यात आली.

प्लुशेंकोने सांघिक स्पर्धेतील दोन्ही कार्यक्रम स्वतः केले आणि रशियाच्या सांघिक सुवर्णपदकात मोलाचा वाटा उचलला. १३ फेब्रुवारीला वैयक्तिक स्पर्धेच्या शॉर्ट प्रोग्रामपूर्वी वॉर्म-अप करताना त्याच्या पाठीत तीव्र वेदना सुरू झाल्या. आपले नाव पुकारले जाण्याच्या वेळी त्याने पंचांकडे जाऊन माघार घेतली. त्या क्षणी बदली खेळाडू उतरवणे शक्य नव्हते. यजमान देशाचा एकही खेळाडू पुरुष एकेरीत उरला नाही. स्पर्धा जपानच्या युझुरु हान्यूने जिंकली.

यानंतर रशियात मोठा वाद झाला. सांघिक स्पर्धेनंतर लगेच माघार घेऊन कोव्हतुनला जागा द्यायला हवी होती, असे टीकाकारांचे म्हणणे होते. प्लुशेंकोच्या समर्थकांच्या मते त्याने देशाला सांघिक सुवर्णपदक मिळवून देताना शरीर पणाला लावले होते आणि शेवटच्या क्षणापर्यंत प्रयत्न केला होता. क्वान आणि प्लुशेंको या दोघांच्याही निवडीत चाचणीचा आधार घेतला गेला होता. दोघांनाही स्पर्धास्थळी दुखापतीने गाठले. फरक माघारीच्या वेळेत होता, आणि राखीव खेळाडूच्या दृष्टीने तोच निर्णायक ठरला.

शांघाय, २०१४

८ नोव्हेंबर २०१४ रोजी शांघाय येथील चीन चषक स्पर्धेत फ्री स्केटिंगच्या वॉर्म-अपमध्ये हान्यू आणि चीनचा यान हान यांची जोरदार टक्कर झाली. हान्यूच्या डोक्याला आणि हनुवटीला जखमा झाल्या. डोक्याला पट्टी बांधून तो परत आला, कार्यक्रमात पाच वेळा पडला आणि तरीही रौप्यपदक विजेता ठरला. यान हाननेही आपला कार्यक्रम पूर्ण केला. सुवर्णपदक माक्सिम कोव्हतुनला मिळाले.

या प्रसंगाने खेळाडूच्या जिद्दीबरोबरच त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आणला. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला खेळू द्यावे की नाही, हा निर्णय खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्यावर सोपवणे योग्य आहे का, अशी विचारणा अनेक देशांतील वैद्यकीय जाणकारांनी आणि क्रीडा पत्रकारांनी केली. मेंदूला बसलेल्या धक्क्याची लक्षणे काही वेळा उशिराने दिसतात. शिवाय धक्का बसलेल्या व्यक्तीची निर्णयक्षमताही कमी झालेली असू शकते. बदली खेळाडू नसलेल्या खेळात माघार म्हणजे स्पर्धेचा शेवट असतो. त्यामुळे खेळत राहण्याचा दबाव वाढतो, हे या चर्चेत अधोरेखित झाले.

बीजिंग, २०२२

कोविड-१९ च्या साथीमुळे माघारीच्या कारणांत संसर्गाची भर पडली. अमेरिकेत अलेक्सा क्नियरिम आणि ब्रँडन फ्रेझियर या जोडीला फ्रेझियरला संसर्ग झाल्याने राष्ट्रीय स्पर्धेत उतरता आले नाही. त्यांचा अर्ज मंजूर होऊन त्यांना ऑलिंपिक संघात स्थान मिळाले. रशियाच्या मिखाईल कोल्यादाचा चाचणी अहवाल बीजिंगला निघण्यापूर्वीच सकारात्मक आल्याने त्याच्या जागी येवगेनी सेमेनेंको गेला आणि आठवा आला. याउलट अमेरिकेच्या व्हिन्सेंट झोउला सांघिक स्पर्धेत खेळल्यानंतर, वैयक्तिक शॉर्ट प्रोग्रामच्या आदल्या दिवशी माघार घ्यावी लागली आणि त्याची जागा रिकामी राहिली.

खिलाडूवृत्तीचे संकेत

लिखित नियमांखेरीज या खेळात काही संकेत पाळले जातात. सरावात ज्या स्केटरचे संगीत चालू असेल त्याला इतरांनी वाट करून द्यावी, हा त्यांतील प्रमुख संकेत होय. उडीच्या दिशेने येणाऱ्या स्केटरच्या मार्गात थांबू नये आणि टक्कर झाल्यास दोघांनी परस्परांची विचारपूस करावी, हेही अपेक्षित असते.

दुखापतीच्या संदर्भात खिलाडूवृत्तीचे पुढील पैलू चर्चिले जातात:

प्रामाणिकपणा – आपल्या प्रकृतीची खरी माहिती महासंघाला वेळेवर देणे. निवड समितीला खेळाडूच्या शब्दावर बऱ्याच अंशी विसंबून राहावे लागते, कारण वेदना किती आहे हे त्याच्याखेरीज कोणालाही नेमके सांगता येत नाही.

वेळेवर माघार – खेळणे शक्य नाही हे लक्षात येताच, बदलीची मुदत संपण्यापूर्वी जागा मोकळी करणे.

राखीव खेळाडूची तयारी – आपण खेळू की नाही याची खात्री नसताना सराव चालू ठेवणे आणि मुख्य खेळाडूच्या दुखापतीची इच्छा न बाळगता सज्ज राहणे. राखीव खेळाडूचे हे श्रम बहुधा प्रेक्षकांच्या नजरेआड राहतात.

सवलतीचा गैरवापर टाळणे – दमछाक झाली म्हणून किंवा चुकलेली सुरुवात सुधारण्यासाठी दुखापतीचे अथवा साहित्यातील बिघाडाचे निमित्त न करणे. खंड पडल्यास गुण कापण्याच्या तरतुदीमागे हाही हेतू आहे.

इतर खेळांशी तुलना

सांघिक खेळांत बदली खेळाडूची प्रथा रुळलेली आहे. फुटबॉलच्या विश्वचषक स्पर्धेत बदली खेळाडूंना १९७० पासून परवानगी मिळाली. कबड्डीत सात खेळाडू मैदानात आणि पाच राखीव असतात. क्रिकेटमध्ये बदली क्षेत्ररक्षक पूर्वीपासून घेता येत असला तरी त्याला फलंदाजी किंवा गोलंदाजी करता येत नसे. जखमी फलंदाजासाठी धावणारा खेळाडू देण्याची सवलत आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून २०११ मध्ये काढून घेण्यात आली. तिचा गैरवापर होतो, हा आक्षेप त्यामागे होता. याउलट डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी पूर्ण अधिकार असलेला बदली खेळाडू घेण्याची तरतूद २०१९ पासून लागू झाली. त्याच वर्षी लॉर्ड्स कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला.

फिगर स्केटिंगमध्ये अशी तरतूद करणे अवघड आहे. येथे गुण व्यक्तीने स्वतः केलेल्या सादरीकरणाला मिळतात आणि एकाने मिळवलेले गुण दुसऱ्याकडे वर्ग करता येत नाहीत. सांघिक स्पर्धेत गुण देशाच्या खात्यात जमा होतात, म्हणून तेथेच दोन फेऱ्यांच्या दरम्यान खेळाडू बदलणे शक्य झाले आहे.

टीका आणि चर्चा

विद्यमान व्यवस्थेवर मुख्यतः तीन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप थेट निवडीवर आहे. राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्यक्ष खेळून जागा मिळवणाऱ्या खेळाडूला डावलून न खेळलेल्या नामवंताला पाठवणे अन्यायकारक आहे, असे काहींचे मत आहे. थेट निवडीचे समर्थक असे म्हणतात की, एका दिवसाच्या दुखापतीने अनेक वर्षांची कामगिरी पुसली जाऊ नये. केरिगनच्या बाबतीत तर तिची अनुपस्थिती दुसऱ्यांच्या गुन्ह्यामुळे होती. तिची निवड झाली नसती, तर हल्लेखोरांचा हेतू सफल झाला असता.

दुसरा आक्षेप चाचणीच्या पद्धतीवर आहे. बंद दाराआड, मोजक्या अधिकाऱ्यांसमोर आणि स्पर्धेच्या ताणाविना घेतलेली चाचणी दुखापत पूर्ण बरी झाल्याची खात्री देत नाही, हे २००६ आणि २०१४ या दोन्ही वर्षी दिसून आले.

तिसरा आक्षेप वैद्यकीय निर्णयाविषयी आहे. माघारीचा निर्णय खेळाडूवर सोपवल्यास तो धोका पत्करण्याकडे झुकतो, विशेषतः तो वयाने लहान असेल तर. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाने जून २०२२ मध्ये वरिष्ठ गटातील किमान वय टप्प्याटप्प्याने १५ वरून १७ वर नेण्याचा निर्णय घेतला. त्यामागे तरुण खेळाडूंच्या शारीरिक आणि मानसिक आरोग्याचे रक्षण हा हेतू सांगण्यात आला. माघारीच्या निर्णयात खेळाडूचा स्वतःचा शब्द किती आणि डॉक्टरांचा किती असावा, हा प्रश्न मात्र अद्याप चर्चेत आहे.